भाबा खिंडीखालचा राखीव दिवस

हिमाचल प्रदेशातल्या किन्नौर आणि स्पिती यांच्यामधली भाबा खिंड ४९०० मीटरच्या आसपास उंच आहे. दक्षिणेकडच्या काफनू गावातून निघायचं, भाबा नदीच्या काठाकाठाने चढत जायचं आणि खिंड ओलांडून पलीकडे पिन नदीच्या खोऱ्यात मुढ गावात उतरायचं, असा हा पिन-भाबाचा ट्रेक. चढताना देवदार, कुरणं, ओढे, चिखल. उतरल्यावर तांबूस-जांभळे उघडे डोंगर आणि दूरदूरपर्यंत एक झाड नाही. पावसाचे ढग खिंडीच्या अलीकडेच बहुतेक रिते होतात, म्हणून एकाच धारेच्या दोन बाजूंना इतका फरक.

ही वाट जूनच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत करावी, नाहीतर सप्टेंबरात. त्याआधी वर बर्फ फार असतो, आणि जुलै कलला की पावसाने ओढे चढतात. आम्ही जूनचा शेवट धरला. या दिवसांत बर्फ आणि पाऊस दोन्ही गाठू शकतात हे आमच्या वाटाड्याने फोनवर आधीच सांगितलं होतं. तो काफनूचाच राहणारा. त्याची अट एकच होती: दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवा आणि परतीचं रिझर्व्हेशन करून येऊ नका.

ही अट मला अतिशय मोलाची वाटते. आपल्याकडून हिमालयात जाणारे बहुतेक गट रजेचा एकेक दिवस जुळवून जातात. शुक्रवारी रात्री गाडीत बसायचं आणि पुढच्या सोमवारनंतर एक दिवसही इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही. मग खिंडीखाली हवा बिघडली की वाटाड्याच्या शब्दापेक्षा खिशातल्या तिकिटाचं वजन जास्त होतं. बूट, जॅकेट, स्लीपिंग बॅग यांवर आपण हजारो रुपये घालतो आणि रिकामा दिवस मात्र कुणी बरोबर नेत नाही.

नागपूर ते काफनू

आम्ही चौघं होतो: मी, माझा दीर, जाऊ आणि आमच्या गल्लीतले काका. काका कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, साठी उलटलेली. पण तयारीत सगळ्यात नेमाचे. नवतपा सरला तरी नागपूर तापलेलंच होतं, त्यामुळे पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सच्या चढावर जायचो. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. उतरताना काका बाटल्या झाडांना ओतून रिकाम्या करत, गुडघ्यांवर भार नको म्हणून. एका रविवारी रामटेकच्या गडाच्या पायऱ्या पुन्हा पुन्हा चढलो.

याने पाय आणि दम तयार होतात. उंचीची सवय मात्र नागपुरात होणं शक्य नाही. आपलं शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर आहे, आणि भाबा खिंडीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडाच जास्त. शरीराला त्याची ओळख व्हायला दिवस लागतात, आणि तालीम कितीही केली तरी ते दिवस वाचत नाहीत. तीन हजार मीटरच्या वर गेलं की झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा फार उंच न्यायची नाही, हा डॉक्टर आणि पर्वतारोही दोघांचाही नेम आहे. आमचे मुक्काम त्यावरूनच ठरले.

दिल्लीपर्यंत रेल्वे, पुढे सिमल्याची बस. दुसऱ्या दिवशी नारकंडावरून खाली सतलजपाशी, मग रामपूर. बुशहर संस्थानाची ही राजधानी होती. रामपूरनंतर रस्ता कड्याला चिकटतो. नदी खाली गढूळ राखाडी वाहत असते आणि वर डोंगराच्या पोटात बोगदेच बोगदे. नाथपाच्या धरणाशी सतलजचं पाणी एका सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यात शिरतं आणि झाकडीच्या १५०० मेगावॅटच्या वीजघरात पडतं. वांगतूच्या पुलाजवळ मुख्य रस्ता सोडून आम्ही भाबाच्या खोऱ्यात वळलो. काफनू २४०० मीटरच्या जवळपास आहे: सफरचंदाच्या बागा, लाकडी माड्यांची घरं, आणि इथेही भाबाचं पाणी अडवून वीज करणारा प्रकल्प.

काफनूत एक पूर्ण दिवस मुद्दाम थांबलो. वाटाड्याने आमच्या सॅका अंगणात उलट्या करवल्या. सुती टी-शर्ट, जीन्स, जाडजूड टॉवेल गावातच ठेवायला लावले. सुती कपडा भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. स्लीपिंग बॅग आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मगच सॅकमध्ये. वरचं रेनकव्हर पाठीकडून झिरपणारं पाणी अडवत नाही. जावेने आणलेली जवसाची चटणी आणि संत्रा बर्फी मात्र त्याने मानाने वरच्या कप्प्यात ठेवायला सांगितली. उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव कामाला येते.

पहिला दिवस: काफनू ते मुलिंग

या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. देवदारातून चढ, मग भूर्जवृक्षांची राई, मग नदीकाठचं सपाट कुरण. मुलिंग ३२०० मीटरच्या वर आहे. भूर्जाची साल कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत होती. आपल्या जुन्या पोथ्या ज्या भूर्जपत्रावर लिहिल्या ते हेच झाड. काकांनी जमिनीवर पडलेला एक पापुद्रा उचलून पाहिला आणि पुन्हा जागच्या जागी ठेवला. हा सगळा रूपी-भाबा अभयारण्याचा भाग आहे.

दुपारी ढग आले, चारला शिडकावा झाला, सहाला आकाश मोकळं. पहाडातला नेहमीचा दिवस.

दुसरा दिवस: मुलिंग ते कारा

निघताना ऊन होतं. दहाच्या सुमारास दरीच्या तोंडाकडून ढग वर चढताना दिसले. आपल्याकडे पाऊस वरून येतो. इथे तो खालून चालत येतो. आधी पायथ्याचं रान दिसेनासं झालं, मग नदी, मग आमच्या मागून येणारी सामानवाली पोरं. पोंचो काढेपर्यंत बोटं गार पडली होती.

पाऊस जोराचा नव्हता, पण थांबायचं नाव घेत नव्हता. काका वर बघून म्हणाले, "हा तर काही थांबून नाही राहिला बाप्पा." चिखलाच्या वाटेवर मेंढ्यांचे शेकडो खूर उमटले होते. थोड्या वेळाने कळपच भेटला. मेंढपाळाने अंगावर लोकरी घोंगडं घेतलं होतं आणि छातीशी धरलेलं कोकरू घोंगड्याच्या घडीतून फक्त तोंड काढून बघत होतं. तो आणि आमचा वाटाड्या किन्नौरी बोलीत बराच वेळ बोलले. नंतर वाटाड्याने सांगितलं, वर ओलं बर्फ पडतंय आणि मेंढपाळ स्वतः पुढे जायचं थांबलाय. हवामानाचा अंदाज आम्ही सिमल्यात मोबाइलवर पाहिला होता. इथे नेटवर्क नाही. या कळपवाल्याचं बोलणं हाच इथला अंदाज, आणि तो आम्ही तसाच मानला.

कारा हे ३५०० मीटरच्या पुढचं विस्तीर्ण कुरण. चारही बाजूंनी ओढे येऊन नदीला मिळतात. तंबू लावेपर्यंत सगळं ओलं झालं होतं, पण प्लास्टिकच्या पिशवीतला जोड कोरडा निघाला. रात्रीच्या वरण-भाताला जवसाची चटणी. भात कुकरशिवाय शिजतच नाही, कारण या उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या खालीच उकळतं.

तिसरा दिवस: कारा ते फुत्सिरंग

सकाळची पहिली गोष्ट म्हणजे नदी ओलांडणं. पहाटे पाणी कमी असतं, कारण रात्री वरचं बर्फ वितळत नाही. दुपारी तीच नदी दुप्पट होते. त्यामुळे चहा पोटात जाण्याआधीच आम्ही काठावर उभे होतो.

बूट गळ्यात, पायात सँडल. वाटाड्याने प्रत्येकाच्या सॅकचा कमरेचा पट्टा स्वतःच्या हाताने सोडला. पाय घसरलाच तर सॅक झटक्यात खांद्यावरून टाकता आली पाहिजे, नाहीतर तीच माणसाला पाण्याखाली धरते. तोंड प्रवाहाकडे ठेवायचं, काठी पुढे रोवायची आणि एका वेळी एकच पाय उचलायचा. पहिल्या चार पावलांत तळवे जळल्यासारखे झाले, नंतर ते आहेत की नाहीत हेच कळेना. पाणी मांड्यांपर्यंत. मधोमध पोचले तेव्हा तळाचे दगड गडगडत पुढे सरकताना सँडलखाली जाणवत होते. पलीकडून वाटाड्याचा मदतनीस दोर धरून उभा होता. जाऊ आली, दीर आला, शेवटी काका आले. काठावर बसून सगळ्यांनी लोकरी मोज्यांत पाय घातले आणि पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही.

पुढे चढ उभा आहे. झाडं केव्हाच मागे राहिली होती, आता गवतही विरळ झालं. अकरापासून पावसाच्या थेंबांत पांढरे कण मिसळले. बारा वाजता नुसतं बर्फ. फुत्सिरंग ४१०० मीटरवर आहे. खिंडीच्या पायथ्याशी थोडीशी सपाटी, बाकी दगडगोटे. तंबूच्या खुंट्या दगडांत रुतत नव्हत्या, म्हणून दोऱ्या मोठ्या धोंड्यांना बांधल्या.

संध्याकाळी जावेचं डोकं दुखू लागलं. मळमळत होतं, जेवणाचा वासही नको झाला. उंचीच्या त्रासाची ही सरळ लक्षणं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर आमच्या सगळ्यांपेक्षा तिचा आकडा बराच कमी. चाल सरळ होती, बोलणं स्पष्ट होतं, खोकला नव्हता, म्हणून घाबरण्याचं कारण नव्हतं. पण वाटाड्याने नियम स्पष्ट शब्दांत सांगितला. डोकं दुखतंय तोवर एक पाऊलही वर नाही. वाढलं तर रात्र असो की पाऊस, खाली काराला. नागपूरहून निघण्याआधी डॉक्टरांनी दिलेली गोळी तिने घेतली, कोमट पाणी घोट घोट प्यायली आणि पाठीमागे सॅक लावून अर्धवट बसूनच झोपली.

चौथा दिवस: फुत्सिरंगलाच

रात्रभर बर्फ पडलं. दर दोन तासांनी मदतनीस बाहेरून तंबूला काठीने हलके फटके मारत होता. बर्फ सरसर घसरल्याचा आवाज आला की आतलं आकाश थोडं उंच व्हायचं. तसं केलं नाही तर तंबू वजनाने बसतो.

उजाडल्यावर पडणं थांबलेलं, पण ढग इतके खाली होते की शेजारचा तंबू पुसट दिसत होता. वीतभर ताजं बर्फ. आज निघायचं नाही, हे वाटाड्याने चहाचा पेला हातात देतानाच सांगितलं.

दिराला ते पटायला वेळ लागला. "वहिनी, बर्फ तर थांबलं ना आता. उशिरा निघून जाऊ, हळूहळू चढू." त्याचा उत्साह खरा होता आणि अंगात ताकदही होती. वाटाड्याने त्याला बोलून समजावलं नाही. तो त्याला घेऊन छावणीमागच्या उतारावर गेला. मीही मागोमाग गेले. तिथे त्याने चालायची काठी बर्फात उभी दाबली. वरचा वीतभर थर लोण्यासारखा कापत ती खाली गेली आणि मग टणक आवाज करून अडली. खाली हिवाळ्यातलं जुनं, काचेसारखं घट्ट बर्फ होतं. त्याने हाताच्या कडेने नव्या बर्फाचा एक चौकोन कापला आणि मागून नुसता धक्का दिला. अख्खा चौकोन अखंड घसरत खाली गेला, खालचा थर जागचा हलला नाही. "वर उतार यापेक्षा खूप उभा आहे," एवढंच तो म्हणाला.

दीर तिथेच उकिडवा बसून ती जागा बघत राहिला. परत आल्यावर त्याने स्वतःच सगळ्यांचे बूट आत घेतले.

एक स्वच्छ, थंड रात्र मिळाली की नवा थर बसतो, गोठतो आणि जुन्याला धरतो. सूर्य चढायच्या आत त्यावरून चालून जायचं असतं. आम्हाला ती एक रात्र हवी होती, आणि ती घ्यायला आमच्याकडे दिवस होता. बाकी दिवस म्हणजे वाट बघणं. स्टोव्हचा आवाज, ओले हातमोजे पोटाशी धरून वाळवणं, दर तासाला पाणी. काकांनी खाणीतल्या गोष्टी सांगितल्या: जमिनीखाली छताचा आवाज ऐकून जुने कामगार काम कसं थांबवत, आणि वर येऊन कुणी त्यांना का म्हणून विचारत नसे.

अशा तंबूत बसलं की वाचलेल्या बातम्या वेगळ्या अर्थाने आठवतात. २०२१ च्या ऑक्टोबरात किन्नौरमधल्याच बुरुआ खिंडीजवळ महाराष्ट्रातून आलेल्या गटातल्या तिघांचा बर्फवृष्टीत अंत झाला. २०२४ च्या जूनमध्ये उत्तराखंडात सहस्रतालच्या वाटेवर वादळाने कर्नाटकातल्या गटातल्या ९ जणांचा जीव घेतला. दुसरी घटना जूनमधली आहे, हे मुद्दाम सांगते. आपल्यासाठी जून म्हणजे कूलर बंद करायचा की नाही याचे दिवस. चार हजार मीटरच्या वर ऋतू पंचांगाने चालत नाही. ओलं अंग आणि वारा एकत्र आले की शून्याच्या आसपासचं तापमानही माणसाला काही तासांत निकामी करतं. आधी थरथर, मग अडखळतं बोलणं, मग थरथर थांबते. ती थांबली की धोका खरा वाढलेला असतो.

दुपारी जावेने स्वतःहून खिचडी मागितली. तीन वाजता तिचं डोकं उतरलं होतं, संध्याकाळी आकडाही सुधारला. नव्या बर्फासाठी घेतलेला हा दिवस तिच्या रक्तालाही तितकाच लागत होता. आदल्या दिवशीच्या बेताप्रमाणे पहाटे निघालो असतो, तर तिला खालीच जावं लागलं असतं.

सूर्यास्ताला ढग फाटले. उत्तरेकडे खिंडीची खाच पहिल्यांदा दिसली. ताऱ्यांबरोबर थंडीही उतरली. बाटलीतलं पाणी गोठू नये म्हणून बाटल्या स्लीपिंग बॅगेत घेतल्या.

पाचवा दिवस: खिंड

पावणेतीनला उठलो, साडेतीनला निघालो. बुटांना बर्फात रुतणारे लोखंडी दात (मायक्रोस्पाइक), बर्फ बुटात शिरू नये म्हणून पोटरीवर गेटर, डोक्यावर दिवा. पहिलं पाऊल टाकताच करकर असा कोरडा आवाज आला. वाटाड्या वळून हसला: बर्फ धरलंय.

तो पुढे, बुटाच्या टोकाने दोन-तीन ठोके मारून पायरी करत. मागे काका, मग जाऊ, मी, दीर आणि शेवटी मदतनीस. त्याच पायऱ्यांत पाय टाकायचे, बाहेर नाही. चढ वाढला तशी चालण्याची लय सापडली. एक पाऊल, एक श्वास. आणखी वर दोन श्वास. दोन्ही बाजूंना काळोख, आणि दिव्याच्या गोल उजेडात फक्त पुढच्याची टाच. उजाडलं तेव्हा आम्ही उताराच्या मध्यावर होतो. खाली पाहिलं तर फुत्सिरंग नव्हतंच. सगळी दरी ढगांनी काठोकाठ भरली होती आणि तो पांढरा थर आमच्या मागून हळूहळू वर सरकत होता.

शेवटचा टप्पा फार उभा आहे. इथे वाटाड्याने एका धोंड्याला दोर बांधून आम्हाला एकेक करून वर घेतलं. सूर्य कड्यावर आला आणि डावीकडून खडखड ऐकू आली. मुठीएवढे, मग डोक्याएवढे दगड बर्फातून सुटून बाजूच्या घळीतून गडगडत गेले. रात्रभर बर्फाने धरून ठेवलेला दगड उन्हाचा पहिला स्पर्श होताच सुटतो. म्हणून साडेतीनला निघायचं. घळीच्या तोंडापासून वाट काढायला वाटाड्याने आधीच लांबचा वळसा घेतला होता. तेव्हा मला तो उगाच वाटला नव्हता आणि आता तर त्याचं कारण डोळ्यांसमोर होतं.

आठ वाजायच्या सुमारास खिंड. दगडांची रास, पताका, आणि उभं राहू न देणारा वारा. काकांनी त्या राशीवर एक दगड ठेवला आणि दोन्ही हात जोडले. जाऊ माझ्या गळ्यात पडली. आम्ही दोघीही रडलो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

दक्षिणेकडे ढगांचा समुद्र, अगदी पायाशी येऊन थबकलेला. उत्तरेकडे निळंभोर आकाश आणि विटकरी, जांभळ्या, राखी रंगांचे उघडे डोंगर रांगेमागे रांग. ढगाच्या एखाद्या चिंध्या खिंडीवरून पलीकडे उडत होत्या आणि काही अंतरावर विरून जात होत्या. भूगोलाच्या पुस्तकातला पर्जन्यछायेचा धडा डोळ्यांनी बघायला मिळाला. मला सगळ्यात भावली ती पाण्याची गोष्ट. अलीकडचं बर्फ वितळून भाबा नदीतून वांगतूजवळ सतलजला मिळतं. पलीकडचं पिन नदीत, पिनमधून स्पितीत, आणि स्पिती खाब इथे सतलजला मिळते. खाब वांगतूच्या वरच्या अंगाला आहे. म्हणजे खिंडीवर दोन दिशांना वाहिलेलं पाणी वांगतूपाशी पुन्हा एक होतं.

दहा मिनिटांपेक्षा जास्त थांबू दिलं नाही. उतरणीवर घसरत जायचा मोह सगळ्यांना झाला, पण बर्फाखाली दगड होते, म्हणून वाटाड्याने टाचा रोवत उतरायला लावलं. दहानंतर बर्फ भुसभुशीत झालं आणि काही ठिकाणी गुडघ्यापर्यंत पाय जात होते. अकराच्या पुढे खालच्या मोरेनवर, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीच्या ढिगांवर पोचलो तेव्हा मागे वळून पाहिलं. खिंड ढगात गेली होती.

मांगरुंगसेचा मुक्काम ४२०० मीटरच्या आसपास. अलीकडची माती पायाला चिकटायची, इथली धूळ उडत होती. सगळे ओले कपडे दगडांवर पसरले आणि तासाभरात खडखडीत वाळले.

सहावा दिवस: मांगरुंगसे ते मुढ

लांब पण सोपी चाल, नदी सोबतीला. कित्येक ठिकाणी वाट घसरड्या मुरमाच्या उतारावरून जाते, तिथे सावकाश. समोरच्या कड्यावर वाटाड्याने आयबेक्स या पहाडी रानबोकडांचा कळप दाखवला. मातीच्या रंगात माती झालेला, हलल्यावरच दिसणारा. हे पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान, १९८७ साली झालेलं, हिमबिबट्याचं घर.

संध्याकाळी मुढची हिरवी पट्टी दिसली. वाटाण्याची आणि जवाची शेतं, पांढरी घरं, कौलांऐवजी सपाट मातीची छपरं. ज्या घरी उतरलो तिथल्या मावशींनी लोणी-मीठ घातलेला चहा दिला आणि चार दिवसांनी कोरड्या अंथरुणावर झोपलो. वाटाड्या आणि त्याची पोरं दुसऱ्या दिवशी त्याच खिंडीवरून काफनूला परत निघणार होती. काकांनी त्याला उरलेली सगळी संत्रा बर्फी दिली. दिराने आपले मायक्रोस्पाइक मदतनीसाला दिले. त्याचे बरेच झिजले होते.

काझा, कुंझुम, मनाली

मुढहून जीपने काझा. आमच्याकडे अजून एक राखीव दिवस होता, तो काझात निवांत घालवला.

मनालीची वाट कुंझुम खिंडीवरून जाते. ही गाडीने ओलांडायची, पण साडेचार हजार मीटर तीही भरतेच. ड्रायव्हरने पहाटे पाचला निघायचं बजावलं. बातलच्या पुढे रस्त्यावरूनच ओढे वाहतात, आणि दुपारी ते इतके चढतात की गाड्या तासन्‌तास अडकतात. काराच्या नदीकाठी जे शिकलो होतो तेच. कुंझुम मातेच्या देवळाला सगळ्या गाड्या प्रदक्षिणा घालतात, आमच्याही गाडीने घातली. चंद्रा नदीच्या काठाने दगडधोंड्यांतून दुपारपर्यंत ग्रांफू आणि मग लाहौलचा गुळगुळीत रस्ता.

अटल बोगदा ९ किलोमीटरचा आहे, २०२० मध्ये सुरू झाला. आत शिरताना लाहौलमध्ये लख्ख ऊन होतं. दुसऱ्या तोंडातून बाहेर पडलो तर काचेवर धो धो पाऊस, धुकं, हिरवेगार देवदार. ड्रायव्हरने वायपर लावले. काकांनी मागच्या सीटवरून हात पुढे केला आणि म्हणाले, "बेटा, माझा पोंचो कोणाच्या सॅकेत आहे पाह्य बरं."